पेण-रोह्याच्या विद्यार्थ्याचा संगणक

पेण आणि रोहे या दोन तालुक्यांत जूनपासून चार महिने जो पाऊस कोसळतो, त्याची दखल दुकानदाराच्या यादीत कधी नसते. त्यामुळे मुलांना संगणकाची भाषा शिकता यावी म्हणून जो पालक महागडे नवे यंत्र आणून ओल धरलेल्या भिंतीलगत मांडतो, त्याची निम्मी रक्कम माझ्या मते अस्थानी खर्च झालेली असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. तसा प्रसंग विरळा; परंतु विजेचा दाब खालीवर होणे आणि गडगडाट सुरू होताच वीज जाणे हे नित्याचेच. सबब टेबलावरच्या संगणकापेक्षा, ज्याची बॅटरी अजून तासदोन तास टिकते असा जुना लॅपटॉप इकडे अधिक सोयीचा, आणि ढग गरजू लागताच चार्जर भिंतीतून काढण्याची शिस्त ही पहिली तजवीज.

जुन्या यंत्राने कमीपणा मानण्याचे कारण नाही. शिकाऊ माणसाच्या आज्ञावल्या दहावीस ओळींच्या; हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून रॅम ८ जीबी केली की त्यांना ते पुरून उरते. विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला आणि त्या काळची पुष्कळ यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत; अशांवर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली खुशाल चढवावी, कारण तिच्यात पायथन ही भाषा आधीपासूनच हजर असते. विंडोजवर मात्र ती स्वतः बसवावी लागते, आणि स्वतंत्र इन्स्टॉलरने बसवताना पहिल्याच पडद्याच्या तळाशी 'पाथ'ची जी बारीक चौकट असते, तीत खूण करावयाची राहिली, तर पुढे पायथनचे नाव टंकूनही यंत्र दाद देत नाही आणि बिचाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याच बुद्धीची शंका येऊ लागते.

१९९१ साली गीडो व्हॅन रॉसम यांनी प्रसृत केलेल्या या भाषेची आजची आवृत्ती देवनागरी नावेही मान्य करते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या मुलीने 'मूर्ती' आणि 'दर' अशी नावे देऊन त्यांचा गुणाकार मांडला, तर हिशेब बिनचूक येतो. अवतरणचिन्हांतले "२५" 'इंट' या आज्ञेच्या हवाली केले तरी ते संख्या म्हणून स्वीकारले जाते. तेच देवनागरी अंक अवतरणाविना लिहिले की मात्र भाषा साफ नकार देते. असा नकार पहिल्याच आठवड्यात पदरी पडलेला बरा. चूक दाखवणारा निरोप शेवटच्या ओळीपासून वाचण्याची सवय त्यानेच लागते.

बाकी सरंजाम थोडका. पायथनसोबत येणारा 'आयडल' हा संपादक आरंभाला पुरेसा आहे (लिनक्सवर तो बहुधा वेगळा मागवावा लागतो). शहाण्या नातलगांनी सुचवलेली दहा साधने एकदम भरू नयेत. सरावाच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर असावी. पायथनची अधिकृत माहितीपुस्तिका संपूर्ण उतरवून घेता येते. ती उन्हाळ्यातच, रेंज धड असताना, उतरवून ठेवावी.