शाळेतील यंत्रे : शिकविणारे कोण आणि सांभाळणारे कोण?

माध्यमिक शाळेतील विज्ञानाची प्रयोगशाळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. उद्या नववीला ऑक्सिजन तयार करून दाखवावयाचा आहे, असे शिक्षक आदल्या दिवशी सांगून ठेवतात. प्रयोगशाळा सहायक पोटॅशियम परमँगनेटची बाटली, स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्या आणि पाण्याचे पसरट भांडे टेबलावर मांडून ठेवतो. तास संपला की परिचर काचसामान धुऊन कपाटात लावतो. ज्वलन म्हणजे काय हे मुलांना समजले की नाही, हे पाहणे शिक्षकाचे काम. बुचातून वायू गळत तर नाही ना, हे पाहणे सहायकाचे. या व्यवस्थेत कोणास कमीपणा वाटत नाही, आणि काम कोणाचे यावरून वादही होत नाही.

त्याच शाळेत चार पावले पुढे संगणकाची खोली असते. तिच्या दाराशी पोचताच ही सारी समज कोठे नाहीशी होते, हे आम्हांस कोडे वाटत आले आहे.

एका शाळेत आम्ही भूगोलाच्या तासाला बसलो होतो. बाई चंद्राच्या कला पडद्यावर दाखविणार होत्या. त्यांनी रात्री जागून तयारी केली होती. प्रोजेक्टर लागला, पण चित्र येईना. बाई टेबलावर चढल्या, केबल काढून पुन्हा बसविली, शेजारच्या वर्गातील सरांना बोलावले. ते आपला वर्ग सोडून आले. चित्र दिसू लागले तेव्हा तासाची पाच मिनिटे उरली होती. एका सैल केबलपायी दोन वर्गांचा तास बुडाला. पुढच्या खेपेस बाईंनी फळ्यावर खडूने वर्तुळे काढली, यात आम्हांस नवल वाटले नाही.

आपल्याकडे अलीकडे 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द चांगला आहे. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ फार ताणला गेला आहे. ज्या शिक्षकाला संगणक येतो त्याच्याकडे प्रथम प्रोजेक्टर येतो, मग प्रिंटर, मग 'सरल' आणि 'यूडायस प्लस' यांतील माहिती भरणे, आणि अखेर सहकाऱ्यांचे विसरलेले पासवर्ड. ज्याला अधिक येते त्यानेच अधिक राबावे, असा हा न्याय आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाकडे देऊ नयेत असे म्हटले. शिक्षकाचा वेळ हा मुलांचा वेळ आहे, हे त्यामागचे तत्त्व यंत्रांच्या बाबतीत आपण विसरलो.

हा प्रश्न काही नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' नावाचा प्रयोग आपल्या देशात झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोचविण्यात आले. सकाळी शाळेतील मुलांसाठी, संध्याकाळी गावकऱ्यांसाठी. संच पोचविला म्हणजे काम संपले, असे या योजकांनी मानले नाही. संच लावणे, बंद करणे आणि जपणे गावातील एका माणसाकडे सोपविले. दुरुस्तीसाठी मात्र निराळी केंद्रे आणि निराळे तंत्रज्ञ ठेवले. सांभाळणारा आणि दुरुस्त करणारा यांच्या कामांतील भेद तेव्हाच ओळखला गेला होता.

पुढे १९८४ साली 'क्लास' प्रकल्पातून काही निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. २००४ च्या डिसेंबरात केंद्राची आयसीटी योजना सुरू झाली. तीत अनेक ठिकाणी अशी पद्धत अवलंबिली गेली की, कंत्राटदाराने संगणकाची खोली उभारावी, पाच वर्षे चालवावी आणि मग शाळेच्या स्वाधीन करावी. शिकविणारा माणूसही बहुधा त्याचाच. करार संपला की माणूस जाई आणि यंत्रे मागे राहत. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेल्या स्थितीत राहिली तर कायमची निकामी होते. तेव्हा कुलूपबंद खोलीत वस्तू जपून राहिली, असे कोणी समजू नये.

मग कामाची वाटणी करावी कशी? आमच्या मते कसोटी सोपी आहे. जे काम चुकले असता मुलाच्या समजुतीत घोटाळा होतो, ते शिक्षकाचे. जे चुकले असता यंत्र बंद पडते, ते तंत्रज्ञाचे. कोणता धडा पडद्यावर दाखवावा, कोणता फळ्यावरच शिकवावा, मुलांना महाजालावर कोणता शोध घ्यावयास लावावा, मिळालेल्या माहितीची पारख कशी करावयास शिकवावे, हे शिक्षकाने ठरवावे. जोडणी, विजेची सोय, बॅटरीची देखभाल, आज्ञावली अद्ययावत ठेवणे, बिघाडाची दुरुस्ती, जुन्या यंत्राची विल्हेवाट, हे तंत्रज्ञाने पाहावे.

या दोहोंच्या सीमेवर तिसऱ्या प्रकारची कामे आहेत, आणि खरा धोका तेथेच आहे. नवे यंत्र कोणते घ्यावे, मुलांची नावे, गुण आणि छायाचित्रे कोठे साठवावीत, ती कोणास पाहता यावीत, ही ती कामे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची अट घातली आहे. अशा बाबतीत शिक्षकाने गरज सांगावी, तंत्रज्ञाने मार्ग आणि धोके सांगावेत, आणि निर्णयाखाली सही मुख्याध्यापकाची असावी. दोघांचे काम म्हणून सोडून दिले की ते कोणाचेच राहत नाही.

याचा अर्थ शिक्षकाने यंत्राला हातच लावू नये असा नव्हे. सायकल चालविणाऱ्याला हवा भरता यावी आणि उतरलेली चेन बसविता यावी. चाकाचा आरा मात्र दुकानात काढावयाचा. केबल बसली आहे का, वीज आहे का, यंत्र बंद करून पुन्हा लावल्याने भागते का, एवढे शिक्षकाला आलेच पाहिजे. हा प्रथमोपचार दोन-तीन मिनिटांत साधला नाही तर तास पुढे चालू ठेवावा आणि बिघाड वहीत नोंदवावा. उलट, तंत्रज्ञानेही मोडतोडीच्या भीतीने खोलीला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवू नये. मुलांच्या हाताने झिजलेले यंत्र कारणी लागले; न वापरता जुने झालेले मात्र फुकट गेले.

येथे कोणी शंका काढील की, दोन शिक्षकांच्या वस्तीशाळेला तंत्रज्ञ कोठून आणावयाचा? शंका रास्त आहे. परंतु प्रत्येक शाळेला एक माणूस हवाच असे आम्ही म्हणत नाही. आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळा केंद्रांत गुंफलेल्या आहेतच. केंद्रामागे एक तंत्रज्ञ नेमावा; त्याने ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत जावे, आणि मधल्या काळातील तक्रारींसाठी प्रत्येक शाळेत एक नोंदवही असावी. बिघाड कोणता, कळविला केव्हा, दुरुस्त झाला केव्हा, एवढे तीन रकाने पुरेत. तिसरा रकाना कोरा राहिला तर जाब कोणास विचारावयाचा, हे त्या वहीवरूनच कळेल. यंत्रखरेदीला पैसा मंजूर करताना या माणसाचा पगार आणि दुरुस्तीचा खर्च त्याच कागदावर मांडला जावा. विहीर खणून रहाट न बसविणारा शेतकरी आपण शहाणा मानीत नाही.

त्या बाई पुढच्या वर्षी पुन्हा चंद्राच्या कला शिकवतील. त्यांनी पडदा वापरावा की खडू, हे त्यांनी ठरवावे. पडदा वापरावा असे त्यांना वाटले, तर तो उजळेल याची हमी दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असावी. प्रयोगशाळेत जे आपण केव्हाच मान्य केले, तेच या खोलीतही मान्य करावे, एवढेच आमचे मागणे आहे.