इनामगाव : पांढरीखालची वस्ती

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावजवळ पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडे आहेत. भोवती काळी कसदार जमीन आणि मध्येच राखट, भुसभुशीत माती. नदीकाठाने पायी हिंडत अशी टेकाडे हेरायची, वर पडलेली खापरे निरखायची आणि मगच कुदळ कुठे लावायची ते ठरवायचे, ही पाहणीची रीत. लाल खापरावर काळी नक्षी दिसली की जाणकाराला जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची आठवण होते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. एखादा खोल खड्डा घेऊन थर मोजण्यावर ते थांबले नाहीत. वस्ती आडवी उलगडत गेले. म्हणून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले अख्खे खेडे हाती लागले. शंभराहून अधिक घरे, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा. माती पाण्यात खळबळून वर तरंगलेले जळके दाणे वेचले, तेव्हा ही माणसे जव पिकवत होती हे कळले. नदीकडेला बांध आणि पाट होते. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत.

सर्वांत जवळून बघावे ते दफन. दगावलेले मूल दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरलेले. मोठ्यांची पावले मात्र घोट्याखाली तोडलेली. का, याचे उत्तर हाडे देत नाहीत.

वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती घटली, असे ढवळीकरांनी मांडले.

दायमाबाद या दुसऱ्या प्राचीन वस्तीत सापडलेल्या ब्राँझ रथाचे कौतुक होते, ते व्हावेच. पण महाराष्ट्राचा सुरुवातीचा शेतकरी कसा राहत होता हे इनामगाव अधिक सांगते, असे मला ठामपणे वाटते.

पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची चाल जुनी आहे. तिच्यासोबत खापरे, हाडे, जळके दाणे सगळेच जाते. तुमच्या शिवारात असे टेकाड असेल, तर तिथली माती उचलू नका आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.