केबिनमधील गारवा आणि धुळीचा अंमल

वैशाखातील दुपारी, जेव्हा विदर्भातील पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो आणि खरिपापूर्वीची नांगरट मात्र लांबणीवर टाकता येत नाही, तेव्हा उघड्या ट्रॅक्टरवर बसलेल्या चालकाचे हाल होतात हे कोणीही मान्य करील. परंतु त्याच उन्हात काचेच्या बंद केबिनमध्ये बसलेल्या चालकाचे, वातानुकूलन बंद पडले असता, त्याहूनही अधिक हाल होतात, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. निरभ्र आकाशातील माध्यान्हीच्या सूर्याकडून प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट इतकी ऊर्जा येत असते. ती काचेतून विनासायास आत शिरते, आसन आणि पत्रा तापविते, आणि त्या तापलेल्या वस्तू जी उष्णता परत फेकतात तिला बाहेर जाण्यास तीच काच मज्जाव करते. त्यात इंजिन आणि गिअरपेटी यांची धग वेगळीच. सबब, एसी केबिन म्हणजे बड्या शेतकऱ्याची चैन, असे जे पारावर बोलले जाते, त्यात तथ्य थोडे आणि मत्सर अधिक. केबिन बंद केली की एसी ओघानेच आला, आणि तो आला की त्याची निगराणीही आली.

बंद केबिनचा जन्म मात्र उष्णतेपोटी झालेला नाही. अमेरिकेतील मिनियापोलिस-मोलाइन या कंपनीने १९३८ साली बंद केबिनचा एक दिमाखदार ट्रॅक्टर काढला, तेव्हा त्यात हीटर आणि रेडिओ यांची तरतूद होती. तेथील शेतकऱ्यास निवारा हवा होता तो थंडीपासून. त्या काळच्या ग्राहकास ही ऐट परवडली नाही आणि असे ट्रॅक्टर जेमतेम दीडशेच्या आसपास तयार झाले. आज आपल्याकडे मोठ्या अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांवर आणि ऊसतोडणी यंत्रांवर एसी केबिन नवलाईची राहिलेली नाही. तिच्या देखभालीचे ज्ञान मात्र तिच्याबरोबर तितक्या वेगाने गावोगावी पोहोचलेले नाही.

या यंत्रणेचे मर्म एका वाक्यात सांगता येते: ती थंडी निर्माण करीत नाही, केबिनमधील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. माठाच्या अंगावरील पाणी वाफ होताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते, तेच तत्त्व येथे आहे; फरक इतकाच की माठाचे पाणी हवेत विरून जाते आणि येथील द्रव बंदिस्त नळ्यांतून फिरून फिरून परत येतो. बहुतेक ट्रॅक्टरांत आर-१३४ए नावाचा जो गॅस असतो, तो साध्या वातावरणीय दाबाखाली उणे २६ अंशांनाच उकळतो. छतातील किंवा आसनाखालील कूलिंग कॉइलमध्ये तो शून्य अंशाच्या आसपास उकळून केबिनची उष्णता शोषतो. इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून तिचे तापमान बाहेरील हवेपेक्षाही वर नेतो, कारण तिने आपली उष्णता ४५ अंशांच्या उन्हात सोडावी असे वाटत असेल, तर ती स्वतः त्याहून गरम असणे क्रमप्राप्तच आहे. आणि रेडिएटरच्या पुढे किंवा छतावर बसविलेल्या कंडेन्सरमध्ये ही उष्णता टाकून ती वाफ पुन्हा द्रवरूप होते. मे महिन्यातील दुपारी कंडेन्सरमधील गॅस ६० अंशांच्या घरात असतो आणि त्याचा दाब १५ वातावरणांहून अधिक.

आता, उष्णता बाहेर टाकण्याची वाटच बुजली तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. आणि शेतात ती वाट बुजविण्याचे काम अष्टौप्रहर चालू असते. मोटारीला डांबरी रस्त्यावर जी धूळ भेटते ती ट्रॅक्टरच्या वाट्याला येणाऱ्या धुळीपुढे नगण्य होय. मळणीच्या वेळचा सोयाबीनचा भुसा, कपाशीचे तंतू, उसाच्या पाचटाचा चुरा, आणि या सर्वांना चिकटवून ठेवणारा डिझेल व तेल यांचा हलकासा थर, असे सारे मिळून कंडेन्सरच्या पातळ पात्यांमध्ये जणू वाकळच विणली जाते. याचे लक्षण ओळखण्याजोगे आहे. सकाळी एसी उत्तम चालतो. ऊन चढले की हवा कोमट होते. मध्येच थोडा वेळ गार वारा येतो आणि पुन्हा बंद. उष्णता निघेनाशी झाल्यामुळे दाब वाढतो, आणि धोक्याची मर्यादा गाठताच सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसरचा क्लच सोडवितो, इतकाच त्याचा अर्थ.

परंतु तालुक्याच्या गावी अशा ट्रॅक्टरवर पहिला निवाडा बहुधा ठरलेला असतो: "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." आणि मग ज्या यंत्रणेत दाब आधीच बेसुमार वाढलेला आहे तिच्यात आणखी गॅस कोंबला जातो. म्हणून मिस्त्रीकडे जाण्याआधी इंजिन बंद करून, ते निवू देऊन, कंडेन्सरच्या एका बाजूस विजेरी धरावी आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. पात्यांतून उजेड दिसत नसेल तर रोगाचे निदान झाले. हवा ज्या दिशेने आत शिरते तिच्या उलट दिशेने, म्हणजे पंख्याच्या बाजूकडून पुढे, बेताच्या दाबाने हवा मारावी. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीतील कचरा पुढून दिसत नाही. कंडेन्सर पुढे सरकविण्याची सोय असेल तर तो सरकवून ती फट साफ करणे अगत्याचे. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने हे काम उरकण्याचा मोह आवरावा, कारण ॲल्युमिनियमची ती पाती कागदासारखी वाकतात आणि सुटलेल्या धुळीचा चिखल होऊन आत बसतो. हंगामाच्या ऐन धामधुमीत ही साफसफाई रोजची समजावी.

गॅस कधीच कमी होत नाही असे मात्र नव्हे. तो डिझेलसारखा खर्च होत नाही हे खरे, परंतु ट्रॅक्टरच्या अखंड हादऱ्यांनी नळ्यांचे सांधे आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील झिजते व तेथून तो निसटतो. गॅसबरोबर वंगणाचे तेलही फिरत असल्यामुळे, जेथून गॅस गळतो तेथे तेलकट डाग उमटतो आणि त्या डागावर धूळ बसून काळे वर्तुळ तयार होते. साबणाचा फेस लावताच त्याच जागी बुडबुडे फुगू लागतात. ही जागा शोधून दुरुस्त केल्याविना गॅस भरणे हा शुद्ध अपव्यय होय, आणि तो केवळ पैशाचा नव्हे. पूर्वीचा आर-१२ हा गॅस ओझोनच्या थरास घातक असल्याचे मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखविले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याची गच्छंती होऊन आर-१३४ए आला. हा ओझोनला इजा करीत नाही, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो हवेत सुटला की तो जवळपास १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापवृद्धी घडवितो. त्याचा वापर घटविण्यासंबंधीच्या, त्याच कराराच्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून आपल्याकडील कपात २०३२ पासून सुरू व्हावयाची आहे.

नळ्या एकदा उघडल्या की त्यांत शिरलेली हवा व दमटपणा काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवावा लागतो. निर्वातात पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होते, ती वाफ पंप ओढून घेतो. ही पायरी गाळली तर मागे राहिलेले पाणी, कूलिंग कॉइलपूर्वी द्रवाचा दाब उतरविणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात बर्फ होऊन बसते, आणि कालांतराने आम्ले तयार होऊन कॉम्प्रेसर आतून कुरतडला जातो. त्यानंतर गॅस भरावयाचा तो वजनकाट्यावर तोलून, यंत्रावरील पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमांइतकाच. हाताला नळी गार लागली म्हणजे पुरे झाला, हा अंदाजपंचे कारभार होय.

केबिनच्या फिल्टरविषयी एक गैरसमज घातक आहे. ब्लोअर बाहेरील हवा गाळून आत ढकलतो, त्यामुळे केबिनमध्ये किंचित अधिक दाब राहतो आणि फटींतून धूळ आत येण्याऐवजी हवा बाहेर जाते. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावावे. तो सहज ओढला गेला तर रबर बदलावयास झाले. परंतु साधा कागदी फिल्टर धूळ अडवितो, कीटकनाशकाची वाफ अडवीत नाही. युरोपीय मानकांत केबिनच्या ४ श्रेणी असून वाफेपासून संरक्षणाची हमी केवळ चौथ्या श्रेणीस आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जे शेतकरी व शेतमजूर दगावले, ते काही केबिनमध्ये बसलेले नव्हते; तरीही काचेआड बसलो म्हणून निर्धास्त व्हावे, असा अर्थ कोणी घेऊ नये.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो तेव्हाही महिन्यातून एकदोनदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे सीलला तेल मिळते व ते सुकून चिरत नाही. कूलिंग कॉइलवर साचणारे पाणी निचरण्याची नळी मोकळी ठेवावी. आणि गॅस भरून घ्यावाच लागला, तर गळती कोठे सापडली व किती ग्रॅम गॅस घातला या दोन बाबी पावतीवर लिहून घ्याव्यात. त्या लिहून देण्यास जो मिस्त्री का-कू करील, त्याच्या दारी ट्रॅक्टर पुन्हा नेऊ नये.