इच्छामरण नव्हे, उपचारांना नकार

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग अनेक वर्षे अचेत अवस्थेत राहून १८ मे २०१५ रोजी गेल्या. त्यांच्या निमित्ताने ‘युथेनेशिया’ची चर्चा पुन्हा पुन्हा होते आणि सवयीप्रमाणे मथळ्यात ‘इच्छामरण’ छापले जाते. या सवयीने फार घोळ घातला आहे.

मूळ शब्द ग्रीक, अर्थ ‘चांगले मरण’. सम्राट ऑगस्टसच्या शांत अंताबद्दल लिहिताना रोमन चरित्रकार सुएटोनियसने तो वापरला. १७व्या शतकात फ्रान्सिस बेकनने तो वैद्यांच्या कर्तव्याशी जोडला: रोगी बरा होणार नसेल, तरी त्याचा शेवट सुसह्य करावा. रोग्याचा जीव घेण्याचा अर्थ त्याला चिकटला १९व्या शतकात. आपण मात्र भीष्मांचा वर त्याच्यावर चढवला.

केईएममध्ये परिचारिकांनी अरुणाताईंना दशकानुदशके भरवले, न्हाऊ-माखू घातले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर एक बेडसोर नव्हता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठीची ‘युथेनेशिया’ची याचिका फेटाळली, पण निष्फळ उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. २०१८ साली घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क कलम २१ मध्ये धरला आणि ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे उपचारांबाबतच्या आगाऊ इच्छापत्राला, मान्यता दिली. इंजेक्शन देऊन मारणे हा तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे.

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत आज किती घरी नुसते आजी-आजोबाच उरलेत! मुले पुण्याबाहेर, नाहीतर परदेशात. अशा घरातले कोणी आयसीयूत गेले, की डॉक्टर विचारतात, “व्हेंटिलेटर लावायचा का?” फोनवरून ‘नको’ म्हणायला कोणाची जीभ रेटेल? मग लावतात. आजोबांना काय हवे होते, हे कोणी कधी विचारलेलेच नसते.

ही इच्छा धडधाकट असतानाच ‘लिव्हिंग विल’मध्ये लिहून ठेवता येते. २०२३ च्या सुधारणेनंतर प्रक्रिया सोपी झाली आहे: दोन साक्षीदारांसमोर सही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन आणि एक प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळे प्रकृती तपासतात. एकट्या मुलावर किंवा एकट्या डॉक्टरवर भार पडत नाही.

पण ‘इच्छामरणाचा कागद’ म्हटले की घरात विषयच बंद होतो. ‘उपचारांबाबतची इच्छा’ म्हणा, आईवडील मोकळेपणाने बोलतील. वृत्तपत्रांनी मथळा बदलावा. आणि महापालिकेने हा कागद कुठे, कोणाकडे द्यायचा, याची पाटी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या दारात ठळक लावावी.