चाळिशी, चाकं आणि चकाट्या

सायकल चालवता चालवता शेजारच्याशी गप्पा मारता येतायत, पण गाणं म्हणायला गेलं की दम लागतोय? मग तुमचा वेग अगदी योग्य आहे. व्यायामाच्या जगात याला ‘टॉक टेस्ट’ म्हणतात. मध्यम जोराचा व्यायाम ओळखायची ही सर्वांत सोपी खूण. ना मनगटावर महागडं घड्याळ लागतं, ना छातीला पट्टा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं अशाच व्यायामाची शिफारस करते. म्हणजे कमीत कमी रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने बहुतेक वेळ ज्या वेगाने सायकल चालवावी, तो वेग गप्पांचाच आहे!

तरीही आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय. तब्येत सांभाळायची तर मित्र, लग्नकार्यं, खाणंपिणं यांच्यावर पाणी सोडायचं. आणि गोतावळा सांभाळायचा तर पोट सुटू द्यायचं. मला हे साफ नामंजूर आहे. सायकलच्या बाबतीत तर गोतावळा हीच खरी ताकद आहे, आणि त्याचे पुरावे मोठे मजेशीर आहेत.

कोपनहेगनचा तक्ता

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी कोपनहेगन शहरातल्या साडेआठ हजारांहून जास्त माणसांवर जवळपास २५ वर्षं नजर ठेवली. कोण कुठला खेळ खेळतो आणि कोण किती जगतो, याची नोंद केली. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. बसून राहणाऱ्यांच्या तुलनेत आयुर्मान किती जास्त दिसलं? टेनिस खेळणाऱ्यांचं ९.७ वर्षं, बॅडमिंटनवाल्यांचं ६.२, फुटबॉलवाल्यांचं ४.७, सायकलवाल्यांचं ३.७, पोहणाऱ्यांचं ३.४, धावणाऱ्यांचं ३.२. आणि जिममध्ये जाणाऱ्यांचं? दीड वर्ष.

या यादीत वर कोण आहेत ते पाहा. ज्या खेळांना समोर दुसरं माणूस लागतंच, ते! आधी फोन करून बोलवायचं, खेळायचं, हरल्यावर चिडायचं आणि नंतर एकत्र काहीतरी प्यायचं. संशोधकांनाही हाच दुवा महत्त्वाचा वाटला. अर्थात टेनिस खेळणारे सहसा खाऊनपिऊन सुखी असतात, त्यामुळे सगळं श्रेय रॅकेटला देता येत नाही, हेही खरं. पण २०१० मध्ये १४८ अभ्यासांची एकत्र छाननी झाली होती, तीही याच दिशेने बोट दाखवते. ज्यांची माणसांशी नाती घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता एकट्या पडलेल्यांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त दिसली. सायकल एकट्याने चालवता येते, हा तिचा गुण. चौघांबरोबर चालवता येते, हा त्याहून मोठा गुण.

क्लब आधी, सायकल नंतर

दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, ही आजची ओळखीची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास बाजारात आली. पण सायकलवाल्यांनी एकत्र भटकण्यासाठी काढलेला तिथला मोठा क्लब १८७८ चा आहे! म्हणजे पुढे राक्षसी चाक आणि मागे चिमुकलं चाक असलेल्या त्या धोकादायक सायकलींवरसुद्धा लोकांना एकेकट्याने जायचं नव्हतं. या क्लबने ठिकठिकाणच्या खानावळींवर पंख असलेल्या चाकाचं चिन्ह लावलं. ते चिन्ह दिसलं की समजायचं, इथे सायकलवाल्यांची जेवण्या-राहण्याची सोय होते. कुठे थांबायचं आणि काय खायचं, हा विचार सायकलस्वारीत पहिल्यापासूनच आहे.

उशिरा शिकलेली मंडळी

रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय सायकल शिकला तेव्हा त्याने पासष्टी ओलांडली होती. सात वर्षांचाही न झालेला धाकटा मुलगा जाऊन थोडेच दिवस झाले होते. त्या दुःखातल्या माणसाने मॉस्कोत सायकलवर पाय टाकला आणि पुढे ती आवडीने चालवली. अमेरिकेतल्या स्त्रीहक्क चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या. त्यांनी आपल्या सायकलला ‘ग्लॅडिस’ असं नावही ठेवलं आणि शिकण्याच्या अनुभवावर १८९५ मध्ये पुस्तक लिहिलं.

क्रिस्टिन आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूने रिओ ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचं सुवर्णपदक जिंकलं ते १० ऑगस्ट २०१६ ला. दुसऱ्या दिवशी तिचा ४३ वा वाढदिवस होता. या प्रकारातलं तिचं हे सलग तिसरं सुवर्ण.

पण माझा सर्वांत लाडका माणूस म्हणजे फ्रान्सचा रोबेर मार्शां. जन्म १९११ चा, उंची जेमतेम पाच फूट. आयुष्यभर नाना प्रकारच्या नोकऱ्या-धंदे केले आणि सायकलकडे जोमाने वळला तो साठी उलटून गेल्यावर. शंभरी गाठल्यावर याने काय केलं, तर एका तासात जास्तीत जास्त किती अंतर कापता येतं याचा आपल्या वयोगटातला विक्रम! २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, त्याने तासात २६.९२७ किलोमीटर सायकल मारली. पुण्यामुंबईच्या गर्दीत तरण्याताठ्या स्कूटरवाल्याला हा वेग मिळत नाही. २०१७ मध्ये १०५ व्या वर्षी तो पुन्हा ट्रॅकवर उतरला आणि २२.५४७ किलोमीटर गेला.

खरी गंमत तर पुढेच आहे. शरीर व्यायामात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे एका चाचणीत मोजतात. तिशीनंतर साधारणपणे हा आकडा दर दशकाला सुमारे १० टक्क्यांनी घसरतो. मार्शांचा आकडा १०१ ते १०३ या वयात १३ टक्क्यांनी वाढला! त्यामागे नेमून दिलेला सराव होता. बराचसा हळू आणि थोडासा जोरात. २०२१ मध्ये १०९ व्या वर्षी तो गेला. ‘आता या वयात काय’ असं कुणी म्हणालं की मला हा ठेंगणा फ्रेंच माणूस आठवतो.

गुडघ्यांचा हिशोब

बर्लिनमधल्या संशोधकांनी एक भन्नाट प्रयोग केला. ज्यांचे गुडघे बदलले होते अशा काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवलेली होती. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून जास्त भार आला, जिना उतरताना जवळपास साडेतीनपट. आणि आरामात सायकल चालवताना? सव्वापटीच्या आसपास. कारण उघड आहे. आपलं बरंचसं वजन सीट आणि हँडल पेलत असतात.

तरी लोकांचे गुडघे दुखतात, आणि बहुतेकदा दोषी असते ती सीटची उंची. रस्त्यावर नीट पाहा, दहातली निम्मी माणसं फार खाली सीट ठेवून, गुडघे छातीकडे आणत सायकल हाणताना दिसतील. घरच्या घरी तपासायची युक्ती अशी: भिंतीला हात टेकून सीटवर बसा, पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा पॅडलवर आला की गुडघ्यात आपोआप हलकासा बाक राहतो. पान्याचं दोन मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला पाय जमिनीला नीट टेकत नाहीत म्हणून भीती वाटते, पण थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लावून घेतली की ती जाते.

एक मात्र लक्षात ठेवा, विशेषतः पाळी जाण्याच्या वयातल्या मैत्रिणींनी. जो भार गुडघ्यांवर येत नाही, तो हाडांवरही येत नाही. हाडं मजबूत राहायला वजन पेलावं लागतं. म्हणून सायकलच्या जोडीला आठवड्यातून दोनदा बैठका, जिने, थोडी वजनं हवीतच.

ग्लासगो आणि बर्मिंगहॅमहून

ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त नोकरदारांचा अभ्यास ग्लासगोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला, आणि हृदयविकाराचा ४६ टक्क्यांनी. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यात ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलवाल्यांचं रक्त तपासलं गेलं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी तिथे तयार होतात आणि वय वाढतं तशी ती आक्रसत जाते. वर्षानुवर्षं सायकल मारणाऱ्या या मंडळींमध्ये नव्या टी पेशींचं उत्पादन तरुण माणसांइतकं दिसलं! ही माणसं व्यावसायिक खेळाडू नव्हती. पुरुषांसाठी अट होती साडेसहा तासांत १०० किलोमीटर, स्त्रियांसाठी साडेपाच तासांत ६०. सरावाने ही मजल बऱ्याच जणांच्या आवाक्यात येते.

मिसळ खायची की नाही?

खायची. पण हिशोब माहीत असावा. ७० किलो वजनाचा माणूस ताशी १६ ते १९ किलोमीटरने तासभर सायकल चालवतो, तेव्हा साडेचारशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. म्हणजे दोन वडापाव रिचवले की तासाभराची कमाई संपली आणि वर थोडी उधारी झाली. वजन उतरत नाही अशी तक्रार करणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं.

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला खडकवासला धरणाच्या भिंतीकडे गेलात तर चहाच्या टपऱ्यांपाशी सायकली एकमेकींना टेकून उभ्या दिसतील. हेल्मेट हँडलला अडकवलेली, बाटलीतलं पाणी संपत आलेलं. कुणीतरी उकिडवं बसून दुसऱ्याच्या सायकलची उतरलेली चेन चढवत असतं, बोटं काळीकुट्ट. डॉक्टर, बँकवाले, रिक्षावाले, नुकतीच निवृत्त झालेली शिक्षिका, सगळे एकाच बाकड्यावर. मुलीचं लग्न ठरल्याची बातमी इथे कळते, आईच्या आजारपणात कुठला डॉक्टर चांगला हे इथे कळतं, आणि गेले दोन रविवार कोण आलं नाही याची चौकशीही इथेच होते. मोबाइलच्या ॲपवर किलोमीटर दिसतात. ही चौकशी ॲप करत नाही. माझं म्हणणं एवढंच: पोहे खा, मिसळ खा, दुसरा पाव आणि वरचं जास्तीचं फरसाण सोडा, पण तो बाकडा सोडू नका. शनिवारच्या रात्रीच्या जेवणावळीही बंद करायला नकोत. पहाटे निघायचंय म्हटल्यावर माणूस आपोआप वेळेत उठतो आणि ग्लासही वेळेत खाली ठेवतो.

मागे राहण्याचा फायदा

वेग वाढला की सायकलवाल्याचा मोठा शत्रू म्हणजे वारा. पुढच्याच्या मागे नीट जागा धरली तर चांगल्या वेगात पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. पुढचा थकला की तो मागे येतो, मागचा पुढे जातो. कमी ताकदीच्या माणसालाही अशा रांगेतून लांबचा पल्ला गाठता येतो. आपल्या रस्त्यांवर मात्र एकामागे एक चालावं आणि खड्डा दिसला की हाताने खूण करून ओरडून सांगावं.

आपली माणसं

अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ सुमारे ४,८०० किलोमीटरची. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एक चालवणार, दुसरा विसावा घेणार, असं आळीपाळीने. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ एकट्याने ती १२ दिवसांच्या आत पार करून आले.

इतकं टोक गाठायचं नसेल तर बीआरएम नावाच्या, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वाऱ्या आहेत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नाही, वेळेत पोहोचलात की झालं. वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि शिक्का मारायला कुणी नसेल तिथे एटीएमची पावती जपून ठेवायची. चाळिशी-पन्नाशीतली माणसं इथे मोठ्या संख्येने दिसतात, कारण लागते ती घाई नाही, सबुरी. या साऱ्याचं माहेर म्हणजे पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही १,२०० किलोमीटरची स्वारी. सुरुवात १८९१ ची, आता दर चार वर्षांनी होते. तिच्या सन्मानार्थ १९१० मध्ये एका फ्रेंच हलवायाने चाकाच्या आकाराची गोड पेस्ट्री केली, ती फ्रान्समध्ये आजही खातात. आपल्याकडे नाशिकचे सायकलवाले दरवर्षी पंढरपूरला सायकलवारी नेतात. व्यायाम, भक्ती आणि सोबत, तिन्ही एकाच रस्त्यावर.

तेव्हा माळ्यावरची किंवा सोसायटीच्या पार्किंगमधली ती धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढा. नवी ट्यूब, नवे ब्रेक, मागे लाल दिवा आणि डोक्याला हेल्मेट, एवढं हवंच. रक्तदाब, मधुमेह असेल किंवा छातीत कधी दुखलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एकट्याने सुरुवात करू नका. ज्याच्याशी बऱ्याच दिवसांत बोलणं झालेलं नाही, अशा एका मित्राला किंवा मैत्रिणीला आज रात्रीच फोन करा आणि रविवारी सकाळी सहाला कुठल्या चौकात भेटायचं ते ठरवून टाका.