नेम चुकला, मग पुढे काय?

रायपूरच्या समता कॉलोनीतून बोलतोय. इथून राजनांदगाव सुमारे ७० किलोमीटर. १८९३ मध्ये नागपूरहून तिकडे निघालेल्या कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत एका प्रवाशाने बायबल दिले. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्या प्रवचनात येशू खुनाबरोबर मनातला रागही दोषी धरतो. नव्या करारातल्या ‘पाप’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ आहे नेम चुकणे. फायरिंग रेंजवर गोळी बोटभर चुको की हातभर, चुकली ती चुकलीच.

मी एकदा रागाच्या भरात एका जवानाला नाहक शिक्षा दिली. चूक माझी होती. माफी मागायची राहिली आणि तो वारला. पुढच्या चोख नोकरीने तो डाग पुसला नाही.

ख्रिस्ती शिकवण सांगते, हे कर्ज माणसाला फेडता येत नाही. येशूने ते क्रुसावर फेडले. पेन्शन आपण कमावतो. कृपा कमावता येत नाही, हात पसरून घ्यावी लागते.

मग सत्कर्म कशाला? गेल्या महिन्यात मी त्या जवानाच्या मुलाला फोन करून सगळे कबूल केले. देवाची क्षमा मिळावी म्हणून नव्हे; मिळाली म्हणून.

जय हिंद.