मेशी फाट्याची विहीर आणि बंबाचं लॉगबुक

२८ जानेवारी २०२० च्या मंगळवारी दुपारी धुळ्याहून कळवणकडे निघालेल्या एसटीची नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याजवळ मेशी फाट्यावर रिक्षाशी धडक झाली आणि दोन्ही वाहनं रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली. २६ माणसं गेली. एसटी महामंडळाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी १० लाखांची मदत जाहीर केली. अशी मदत लागतेच, कर्तं माणूस गेलेल्या घराला तर ती ताबडतोब लागते. पण मदत देऊन जबाबदारी फिटत नाही. सार्वजनिक मालकीच्या वाहनाने माणसं दगावतात तेव्हा तीन गोष्टींचा हिशेब द्यावा लागतो : चालक कोणत्या स्थितीत होता, गाडी कोणत्या स्थितीत होती आणि रस्ता कोणत्या स्थितीत होता. पहिला प्रश्न गुन्हा नोंदवताना विचारला जातो, दुसरा आरटीओच्या तपासणीत निम्माशिम्मा सुटतो. तिसरा बहुधा कुणाच्याच टेबलावर येत नाही. कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा हा कसमादे पट्टा विहिरींवरच जगतो, तेव्हा रस्त्याकडेला विहीर असण्यात नवल नाही. पण ज्या वाटेने एसटी, रिक्षा आणि बाजार समितीकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर एकत्र धावतात, त्या वाटेवर विहीर आणि डांबर यांच्यामध्ये काय असावं, हे ठरवण्याचं काम शेतकऱ्याचं नाही, रस्ता सांभाळणाऱ्या खात्याचं आहे. मेशीच्या पाचच महिने आधी, १ सप्टेंबर २०१९ पासून, मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ लागू झालं होतं. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, असं ते सांगतं. २६ जिवांपुढे ही रक्कम फार लहान आहे. तरीही चालकाच्या पलीकडे बोट दाखवायला कायद्याने जागा करून दिली, ही गोष्ट मोठी आहे.

आता एसटीच्या जागी अग्निशमन बंब कल्पून पाहा. प्रश्न तेच राहतात, मात्र ते जास्त टोकदार होतात, कारण बंबाला कायद्यानेच सवलत दिलेली आहे. वाहन चालवण्यासंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमावलीत अग्निशमन वाहनाला वाटेचा अग्रहक्क आहे. वर्दीवर निघालेला बंब भोंगा आणि दिवा चालू ठेवून लाल सिग्नल ओलांडू शकतो, वेगमर्यादाही ओलांडू शकतो. त्याला वाट न देणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच नियमावलीने चालकावर पुरेशा काळजीची अटही घातली आहे. म्हणजे सूट सिग्नलपासून मिळते, सावधपणापासून नाही. ही काळजी घेतली की नाही, हे पुढे कशावरून ठरणार? वर्दी किती वाजता आली, गाडी किती वाजता सुटली, चालक सलग किती तास कामावर होता, ब्रेक आणि टायर शेवटचे कधी तपासले, याच्या नोंदीवरूनच. पाण्याचा बंब चालवणं हे साधा ट्रक चालवण्यासारखं नसतं. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन वजन, आणि टाकी अर्धवट भरलेली असेल तर ते वजन वळणावर एका कडेला धावतं, ब्रेक दाबला की पुढे लोटतं. म्हणून टाकीत आडवे-उभे पडदे बसवतात, म्हणून अशा गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं, आणि म्हणूनच अवजड वाहनाचा परवाना असणं एवढ्यावर चालकाची तयारी पूर्ण होत नाही. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टच्या भाडेतत्त्वावरील विजेच्या बसने माणसं चिरडली, तेव्हा हाच मुद्दा पुढे आला : नव्या प्रकारची, लांबलचक गाडी हातात देण्याआधी चालकाला ती किती शिकवली होती?

या प्रश्नांची उत्तरं शोधायची कुणी, यावर सारं अडतं. आज पोलीस गुन्ह्याचा तपास करतात आणि ज्या खात्याची गाडी तेच खातं आपली अंतर्गत चौकशी करतं. पोलिसांना आरोपी शोधायचा असतो, खात्याला आपली बाजू सांभाळायची असते. अपघाताचं मूळ कारण शोधणं हे दोघांचंही मुख्य काम नाही. रेल्वेच्या बाबतीत मात्र ही अडचण आपण फार पूर्वी ओळखली. मोठ्या रेल्वे अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. अमेरिकेत कर्तव्यावर मरण पावलेल्या अग्निशामकांच्या मृत्यूंचा, त्यात बंबाचे अपघातही आले, अभ्यास १९९८ पासून एक सरकारी आरोग्य संस्था करते. तिचे अहवाल कुणालाही वाचता येतात आणि त्यांत माणसाचं नाव नसतं, फक्त काय घडलं आणि काय बदलायला हवं हे असतं. रस्त्यावरच्या सरकारी गाडीसाठी आपल्याकडे असं काहीच का असू नये? जिल्हा पातळीवर आरटीओ, रस्ता अभियंता आणि संबंधित खात्याबाहेरचा एक अग्निशमन अधिकारी अशा तिघांची समिती नेमायला नवा कायदाही लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप अग्निशमन दलातूनच येईल, आणि तो रास्त आहे. जीव धोक्यात घालून धावणाऱ्या माणसाला प्रत्येक वळणावर चौकशीची धास्ती वाटली, तर तो आगीवर उशिरा पोहोचेल. पण आजच्या व्यवस्थेत तोच माणूस सर्वांत उघडा पडतो. नादुरुस्त ब्रेकबद्दल त्याने दिलेला अर्ज फाइलीत राहतो आणि निलंबनाचं पत्र मात्र त्याच्या घरी जातं. कारणांची उघड चौकशी झाली तर तो अर्जही उघड होईल. खरं संरक्षण त्यातच आहे. दुसरा आक्षेप असा, की प्रकरण न्यायप्रविष्ट असताना माहिती उघड करता येत नाही. पण माहिती अधिकार कायदा तपास चालू आहे एवढ्या कारणावरून माहिती नाकारू देत नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येतो, हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केलं आहे. शिवाय एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांना अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात न्यायाधिकरणाला द्यावाच लागतो. कागद तयार होतातच, फक्त ते लोकांपर्यंत येत नाहीत.

तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे : देवळ्यासारख्या छोट्या नगरपंचायतीला हे झेपेल का? अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने नागरी संस्थांकडे सोपवलेल्या कामांत येते, पण काम सोपवलं तेवढ्या प्रमाणात पैसा आणि प्रशिक्षित माणसं आली नाहीत, हे मान्यच करायला हवं. त्यामुळे चौकशी समितीचा खर्च राज्याने उचलावा. नगरपंचायतीने करायचं ते एवढंच : बंबाचं लॉगबुक रोज भरणं, दुरुस्तीची नोंद तारखेसह ठेवणं आणि अपघात झाल्यास त्या नोंदी सात दिवसांत सर्वसाधारण सभेपुढे ठेवणं. यात पैशाचाही प्रश्न आहे. सरकारी वाहनांना विम्याच्या सक्तीतून सूट आहे, आणि वेगळा निधी उभारला तर स्थानिक संस्था व परिवहन महामंडळांनाही ती मिळू शकते. अशा गाडीच्या चुकीची भरपाई शेवटी लोकांच्याच पैशातून जाते. चालकाच्या निष्काळजीपणाची भरपाई सरकारला द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका सरकारी जीपच्या खटल्यात १९६२ सालीच सांगितलं. भरपाई कोण देणार हे तेव्हा ठरलं; अपघाताचं कारण कोण शोधणार, हे मात्र अजून ठरायचं आहे. सुरुवात मेशीपासून करता येईल. मेशी फाट्यावरच्या रस्त्याची, त्याच्या कडेची आणि विहिरीपासून रस्त्याच्या अंतराची मोजणी करून तिचा कागद मालेगाव-देवळा रस्त्यावरच्या ग्रामपंचायतींत कुणालाही वाचता येईल असा ठेवायला कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही.